खिडकीच्या ग्रिलमधले बुटके टोमॅटो: फुलगळ थांबवून फळ कसं धरवायचं

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या टॉवरपासून नवी मुंबईतल्या नेरुळ-खारघरच्या सोसायट्यांपर्यंत, बाल्कनीत टोमॅटो लावणाऱ्यांची तक्रार एकच: झाड हिरवंगार आहे, फुलंही भरपूर येतात, पण चार दिवसांत देठासकट गळतात. त्यावर ताक-हिंग फवारा, केळ्याच्या सालीचं पाणी द्या, अंड्याची टरफलं टाका, असे सल्ले मिळतात. यातल्या एकाही उपायाने फळ धरत नाही, कारण बहुतेक वेळा दोष खताचा नसतो. परागकण जागचे हललेलेच नसतात.

आधी जात. ग्रिलमध्ये लावायचं असेल तर 'टायनी टिम' किंवा 'मायक्रो टॉम' घ्या. टायनी टिम फूट-दीड फुटात थांबतं, मायक्रो टॉम वीतभरच राहतं. दोन्हींची उंची जातीतच ठरलेली असते आणि दिवस लहान आहे की मोठा याची वाट न बघता ती वयात आली की फुलतात. बाजारातल्या टोमॅटोचं बी पेरू नका. ते संकरित फळाचं असतं, त्यातून काय उगवेल सांगता येत नाही आणि झाड बहुधा सहा फूट चढतं.

पेरणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. हौसेने ऑगस्टमध्ये पेरलेल्या रोपांची फुलं नेमकी ऑक्टोबरच्या उकाड्यात येतात आणि वाया जातात. मायक्रो टॉमला ६ इंची कुंडी पुरते, टायनी टिमला ८ ते १० इंची. दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, एक भाग लाल माती आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट धुवाच, त्यात क्षार असतात. बी पाव इंच खोल पेरा, आठवड्यात उगवतं. चार खरी पानं आली की वर सांगितलेल्या मापाच्या कुंडीत हलवा आणि बीजपानांपर्यंत (उगवताना आलेल्या पहिल्या दोन पानांपर्यंत) मातीत पुरा.

हिवाळ्यात दक्षिणेची खिडकी सर्वांत चांगली. डिसेंबरात ठाण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे साधारण ४७ अंशांवरच असतो, त्यामुळे वरच्या मजल्याचा स्लॅब आड येत नाही आणि ऊन आतपर्यंत पोचतं. पूर्वेची खिडकी चालते, पण पाच-सहा तास थेट ऊन मिळतंय का ते घड्याळ लावून बघा. उत्तरेच्या खिडकीत हिवाळ्यात थेट ऊन येतच नाही, तिथे टोमॅटो लावू नका.

पहिला महिना १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. कळ्या दिसल्या की ते बंद करून त्याच प्रमाणात १३:००:४५ (नत्र कमी, पालाश जास्त). फुलं लागल्यावरही शेणखत आणि १९:१९:१९ चालू ठेवलं तर पानं गडद होऊन खाली वळतात, खोड जाड होतं आणि झाड फळाऐवजी पानंच काढत राहतं. बगलफूट, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून फुटणाऱ्या फांद्या, खुडू नका. तो सल्ला उंच वाढणाऱ्या जातींसाठी आहे. बुटक्या झाडाचं बरंचसं पीक त्याच फांद्यांवर येतं.

आता फळधारणा. इथे सविस्तर सांगायला हवं.

टोमॅटोच्या फुलात मधोमध पिवळा सुळका दिसतो. ती एकमेकांना चिकटलेल्या परागकोशांची नळी असते. पराग तिच्या आतल्या बाजूला सुटतात आणि स्त्रीकेसरही त्याच नळीत असतो. म्हणजे दुसऱ्या फुलाची गरज नाही, फक्त कोणीतरी हे फूल जोरात हलवायला हवं. शेतात ते काम वारा करतो आणि फुलाला लटकून अंग थरथरवणारे काळे भुंगे करतात. मधमाशीला ही थरथर जमत नाही. पंधराव्या मजल्यावर भुंगे क्वचितच येतात आणि स्लायडिंगच्या काचेआड वाराही नसतो. कबुतरांच्या जाळीतून भुंगा आत येऊ शकतो, डासांच्या जाळीतून नाही.

तेव्हा थरथर तुम्हीच द्यायची. बॅटरीवर चालणारा टूथब्रश घ्या. त्याची पाठ फुलांच्या घोसाच्या देठाला मागून टेकवा, दोन-तीन सेकंद चालवा आणि पुढच्या घोसाकडे जा. पाकळ्यांना ब्रश लावू नका. खाली काळा कागद धरला तर बारीक पिवळी पूड पडताना दिसते. पूड दिसली म्हणजे काम झालं. फूल दोन-तीन दिवसच उपयोगाचं असतं, म्हणून बहर असेपर्यंत रोज एकदा करा. ज्या फुलाच्या पाकळ्या पूर्ण उलट्या मागे वळल्यात ते तयार आहे. अर्धमिटलं फूल उद्यासाठी ठेवा.

वेळ सकाळी ११ ते १. आपल्याकडे हिवाळ्यातही पहाटे हवा दमट असते. ओले परागकण गोळा होऊन नळीतच चिकटतात, सकाळी सातला कितीही हलवलं तरी सुटत नाहीत. म्हणूनच फुलांवर ताक-हिंग किंवा साधं पाणी फवारायला माझा ठाम विरोध आहे. फुलाला कोरडेपणा हवा असताना आपण त्याला भिजवतो. रंगाचा ब्रश किंवा कानातला कापूस फुलावर फिरवूनही फायदा नाही, पराग नळीच्या आत आहेत. टूथब्रश नसेल तर देठाला मागून तीन-चार टिचक्या मारा, पण पूड पडतेय का ते कागदावर बघाच. टेबल फॅनचा वारा मदत करतो, एकट्याने पुरत नाही.

इतकं करूनही गळ झाली तर तापमान बघा. दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्री २४-२५ च्या खाली उतरत नसेल तर पराग निकामी होतात. हे नुकसान फूल उमलायच्या आठ-दहा दिवस आधी, कळीतच होतं. म्हणून आज हवा गार झाली तरी पुढचा आठवडाभर फुलं गळू शकतात. घाबरून खत वाढवू नका, टॉनिक तर नकोच. एसीचं बाहेरचं युनिट त्याच ग्रिलवर गरम हवा फेकत असेल तर कुंडी हलवा, हे कारण सर्रास नजरेतून सुटतं.

फूल टिकणार की जाणार हे देठावरून कळतं. देठाच्या मधोमध एक गाठ असते. ती पिवळी पडली की फूल गेलं. ती हिरवी आणि जाडसर राहिली, पाकळ्या वाळल्या आणि चार-पाच दिवसांत आत मोहरीएवढा हिरवा मणी दिसला, की फळ धरलं.

त्यानंतर पाणी नियमित द्या. बोट इंचभर आत घालून कोरडं लागलं तरच, पण तेव्हा खालून पाणी निथळेपर्यंत. कुंडीखाली ताटली ठेवा, खालच्या मजल्यावरच्यांचे कपडे भिजायला नकोत. एक दिवस खडखडीत कोरडं आणि दुसऱ्या दिवशी चिखल केलात की फळाच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग येतो. कॅल्शियम पाण्याबरोबरच फळापर्यंत जातं. पाण्यात खंड पडला की मातीत असूनही ते पोचत नाही. अंड्याची टरफलं कुजायला महिनेच्या महिने लागतात, या हंगामात ती कामाची नाहीत.

पांढरी माशी दिसली तर पिवळे चिकट सापळे लावा आणि संध्याकाळी फक्त पानांच्या खालून निंबोळी तेल, लिटरला ५ मिली, थेंबभर साबणासह. पानं बोकडून (मुरडून आकसून) बारीक झालेलं झाड उपटून पिशवीत बंद करून टाका, त्यावर औषध नाही.

फळाने रंग धरला की तोडा, घरात पिकतं. मार्चच्या मध्यानंतर नवी फुलं धरणार नाहीत, झाडं काढून टाका. त्या मातीत लगेच मिरची किंवा वांगं लावू नका, एकाच कुळातली असल्यामुळे रोगही तेच येतात. पालक किंवा मेथी पेरा.