गच्चीवरच्या टाकीत गप्पीची पैदास

घरातल्या दोन फुटी काचेच्या टँकमधे गप्पी पिल्लं देतात भरपूर पण वाचतात चार-दोनच, बाकीची मोठे मासेच खाऊन टाकतात. त्यामुळे पैदास करायची असेल तर सरळ मोठी टाकी घ्या. पाण्याची जुनी ५०० लिटरची प्लास्टिकची टाकी भंगारवाल्याकडे मिळते, ती वरून कापून तोंड मोठं करून घ्यायचं. केमिकलचा ड्रम मात्र कितीही धुतला तरी नको.

भरलेली टाकी म्हणजे अर्धा टन वजन, त्यामुळे स्लॅबच्या मधोमध ठेवू नका, खाली बीम किंवा भिंत असेल तिथेच ठेवा आणि आधी इंजिनिअरला विचारा. काठापासून चार बोटं खाली एक भोक पाडून त्याला बारीक जाळी लावा, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात टाकी ओसंडून मासे गच्चीभर होतात. वरून हिरवी शेडनेट हवीच, उन्हाने पाणी तापत नाही आणि खंड्या पण येत नाही (एकदा त्याला जागा कळली की रोज येतो).

सिमेंटचा नवा हौद असेल तर घाई अजिबात करू नका. मी पहिल्यांदा बांधल्या बांधल्या मासे सोडले आणि दोन दिवसात सगळे मेले, फार वाईट वाटलं. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, म्हणून दोन-तीन आठवडे पाणी भरायचं, काढायचं, परत भरायचं.

नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो. मग हायड्रिला (पाण्याखाली वाढणारी वनस्पती) टाका, भरपूर टाका, पिल्लं त्यातच लपतात. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावा, सुरुवातीला चार-पाचच मासे सोडून महिनाभर थांबा आणि मग एका नराला दोन-तीन माद्या या हिशोबाने वाढवा. मादी साधारण महिन्याने पिल्लं देते.

पाणी हलकं हिरवं झालं की लोक घाबरून टाकी घासून काढतात, तसं करू नका हो, त्यातलं बारीक शेवाळ आणि जीव हेच पिल्लांचं खाणं. फार गडद झालं तर पाव भाग पाणी बदला. चतुराच्या अळ्या दिसल्या तर लगेच काढा, त्या पिल्लं फस्त करतात. डासांच्या अळ्या गप्पी स्वतःच खातात.

पिल्लं जास्त झाली तर वाटा, दुकानात द्या, पण नदी-तळ्यात अजिबात सोडू नका, तिथल्या आपल्या माशांचं नुकसान होतं.