युद्धकैद्यांची छावणी कशी तपासावी: परिचारिकेसाठी

१९१५ पासून डॅनिश रेड क्रॉसच्या मध्यस्थीनं रशियन परिचारिका जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या छावण्या पाहायला गेल्या, आणि तिकडच्या परिचारिका रशियात, थेट सायबेरियापर्यंत. प्रत्येकीबरोबर एक डॅनिश प्रतिनिधी असे आणि यजमान सैन्याचा एक अधिकारीही. अधिकाऱ्यादेखत कैद्यानं तक्रार कशी करायची? आज तिसऱ्या जिनिव्हा कराराचं (१९४९) कलम १२६ तुमच्या हाती आहे: कैदी जिथं जिथं असतील त्या सगळ्या जागी प्रवेश, जागा निवडण्याची मोकळीक, आणि साक्षीदाराविना बोलणं. दाराशीच हे तीन मुद्दे छावणीप्रमुखाकडून कबूल करून घ्या. एक जरी नाकारला, तरी तसं लिहून ठेवा आणि आत जायचं की नाही ते पथकानं मिळून ठरवा.

भेट सहसा आधी कळवलेली असते, तेव्हा छावणी झाडूनपुसून ठेवलेली मिळणार हे धरूनच चाला. जून १९४४ मध्ये तेरेझिनच्या घेट्टोत (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत) रेड क्रॉसची माणसं येण्याआधी नाझींनी घरं रंगवली, बागा केल्या, आणि गर्दी कमी दिसावी म्हणून मे महिन्यात ७,५०३ माणसं आउशवित्झच्या मृत्युछावणीत धाडली. पाहुणे आखून दिलेल्या वाटेनं फिरले आणि अनुकूल अहवाल गेला. ती युद्धकैद्यांची छावणी नव्हती, पण फसवण्याची रीत तीच. म्हणून जे एका रात्रीत बदलता येत नाही, ते आधी पाहायचं.

त्यात पहिलं वजन. कलम ३१ प्रमाणे महिन्यातून किमान एकदा वैद्यकीय तपासणी आणि वजनाची नोंद झाली पाहिजे. वही मागा. सगळे आकडे एकाच शाईत, एकाच हातानं, किंवा सगळ्यांची वजनं पाच-दहाच्या पटीत असतील तर ती वही कालच भरलेली समजा. स्वतःचा काटा न्या, माहीत असलेल्या वजनानं तो आधी तपासा, आणि दर दहाव्या खाटेवरचा माणूस बोलावून निदान ३० जणांचं वजन करा. माणसं छावणीवाल्यांना निवडू देऊ नका. वजनाला उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गानं भागल्यावर १८.५ च्या खाली माणूस कृश, १६ च्या खाली धोक्यात. पण सुजेमुळे वजन फसवतं, म्हणून नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून खळगा राहतो का ते पाहा. मग उकिडवं बसवून हात न टेकता उठायला सांगा. उठता येत नसेल आणि पोटऱ्या दाबल्यावर दुखत असतील, तर बेरीबेरीची (ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या आजाराची) शंका घ्या. १९४२ पासून जपानी छावण्यांत पॉलिशच्या तांदळावर जगणाऱ्या कैद्यांत हा आजार फार झाला. हिरड्यांतून रक्त येत असेल तर ताजी भाजी-फळं किती दिवसांत मिळाली नाहीत ते विचारा.

दुसरं, सदऱ्याच्या शिवणी. अंगावरच्या उवा कपड्यात राहतात, म्हणून सदरा उलटा करून काखेच्या आणि कमरेच्या शिवणी बघा. टायफस हा जीवघेणा ताप (टायफॉइड नव्हे) उवांमुळे पसरतो हे फ्रेंच डॉक्टर शार्ल निकोलनं १९०९ मध्ये दाखवलं होतं. तरीही १९१४-१५ च्या हिवाळ्यात जर्मनीतल्या विटेनबर्गच्या छावणीत साथ आली तेव्हा जर्मन डॉक्टर आणि पहारेकरी कुंपणाबाहेर निघून गेले. फेब्रुवारी १९१५ मध्ये सहा ब्रिटिश डॉक्टरांना आत धाडलं. त्यातले तिघे त्याच तापानं गेले. ताप चढला की उवा त्या माणसाला सोडून शेजाऱ्याकडे जातात, त्यामुळे एकाच फळीवर दाटीनं झोपणं हेच मोठं कारण. नुसत्या आंघोळीनं काही होत नाही. संपूर्ण बराकीचे कपडे आणि पांघरुणं एकाच दिवशी गरम प्रक्रियेत गेली पाहिजेत. अर्धी गेली की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

जागा पावलांनी मोजा. २० बाय ६ मीटरच्या बराकीत ६० माणसं म्हणजे माणशी २ चौरस मीटर; रेड क्रॉसच्या मापानं सामायिक खोलीत माणशी ३.४ लागतात. पाण्याचा हिशेब नळावरच करा: १० लिटरची बादली २० सेकंदांत भरली तर मिनिटाला ३० लिटर. असे ४ नळ तासभर चालले तर ७,२०० लिटर, ६०० माणसांत माणशी १२. हा आकडा दिवसाला १० ते १५ च्या मध्ये हवा, शिवाय नळ खरंच किती वेळ चालतात ते कैद्यांकडूनच समजून घ्या. २५ जणांमागे एक संडास धरा आणि रात्री तिथवर जाता येतं का ते विचारा. जेवणाचा तक्ता वाचत बसू नका, ताटातले दहा पावाचे तुकडे तोला.

बोलणं शेवटी, पण सगळ्यात जास्त वेळ त्याला द्या. दुभाषा स्वतःचा न्या. जागा तुम्ही निवडा. आधी कैद्यांचा निवडून दिलेला प्रतिनिधी, मग कैद्यांपैकीच असलेले डॉक्टर, आणि मग सहज उचललेले पुष्कळ जण. प्रत्येकाशी जवळपास सारखाच वेळ बोला. एकाशीच तासभर बसलात तर पुढं तो ओळखला जातो. वहीत नावाऐवजी खूण ठेवा. आश्वासन देऊ नका आणि चोरून चिठ्ठ्या आणू नका: एक सापडली की दरवाजा सगळ्यांसाठी बंद. घरच्या निरोपासाठी महिन्याला दोन पत्रं आणि चार कार्डं इतका हक्क कलम ७१ मध्ये आहेच. तो मिळतो का ते तपासा.

छावणीप्रमुखासमोर निष्कर्ष मांडताना स्वतः मोजलेल्या गोष्टी सांगा आणि तक्रार कोण्या एकाची वाटणार नाही अशी मांडा. पुढच्या भेटीत पहिलं काम म्हणजे मागच्या वेळी ज्यांच्याशी बोललात त्यांना शोधणं. कोणी हलवला असेल तर कुठं ते विचारा आणि तिथं जा; कलम १२६ तेवढी मुभा देतं.