सापांबद्दल जनजागृती करताय? मग या चुका टाळा

पावसाळा लागला की नागपुरात सर्पजागृतीच्या कार्यक्रमांचा हंगाम सुरू होतो. शाळा, कॉलेजं, बेसा-हुडकेश्वरकडच्या नव्या सोसायट्या, नागपंचमीला एखादं मंडळ. कार्यक्रम रंगतो, फोटो निघतात. चार दिवसांनी त्याच सोसायटीत एखादी बिनविषारी धामण निघते आणि काठ्या बाहेर येतात. लोकांच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही. त्यांना आपण सापांविषयी भरपूर सांगितलेलं असतं. साप समोर आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, तेवढं सांगायचं राहून गेलेलं असतं. शिक्षक, सर्पमित्र, मंडळाचे कार्यकर्ते यांनी पुढच्या कार्यक्रमाआधी हे वाचावं.

नाग हातात घेऊन भाषण

सर्वांत मोठी चूक हीच, आणि सर्वांत लोकप्रियही. बरणीतून नाग काढला, फणा काढायला लावला की सगळे मोबाइल वर होतात. पुढची वीस मिनिटं वक्ता काय बोलतो ते कोणाच्या कानावर पडत नाही. पोरांच्या लक्षात राहते ती हाताची पकड. नागानं फणा काढला म्हणजे तो घाबरलेला आहे, ही साधी गोष्ट सांगायला तरी त्याला घाबरवायची गरज काय?

शिवाय कायदा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या व्याख्येत ‘शिकार’ म्हणजे नुसतं मारणं नाही, पकडणंसुद्धा त्यातच येतं. घरात निघालेला साप वाचवण्यासाठी पकडून सोडणं वेगळं. त्याला दोन दिवस डब्यात ठेवून शाळाशाळांतून फिरवणं हा सरळ गुन्हा आहे.

त्याऐवजी एक सोपा उपाय आहे. फ्लेक्सवाल्याकडून नाग, मण्यार, घोणस, फुरसे, धामण, दिवड आणि कवड्या यांचे फोटो खऱ्या आकारात छापून घ्या आणि सभागृहाच्या जमिनीवर अंथरा. फुरसं एवढंसं असतं हे पाहून मोठी माणसंही वाकून बघतात. मण्यार पाहिली की हमखास कोणीतरी म्हणतं, ‘एवढी बारीक?’ हा प्रश्न निघाला की अर्धं काम झालं.

‘त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी’ असले झटपट नियम

लोकांना सोपा नियम हवा असतो आणि वक्त्याला तो द्यायचा मोह होतो. पण मण्यारीचं डोकं त्रिकोणी नसतं, नागाचंही नसतं. ‘दोन दातांच्या खुणा म्हणजे विषारी’ हाही तसलाच नियम. मण्यार चावल्यावर कित्येकदा खूणच सापडत नाही. असा नियम ऐकून गेलेला माणूस पाय बघतो, खूण दिसत नाही, आणि परत झोपतो.

कवड्या आणि मण्यार यांचं उदाहरण घ्या. दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात, बारीक आणि बहुतेक जोडीनं येतात, शेपटीपर्यंत ठळक राहतात. पाठीच्या मधोमध मोठ्या षट्कोनी खवल्यांची ओळ असते. हे सांगावं का? सांगावं, जिज्ञासेपुरतं. पण रात्री अकराला कूलरमागच्या ओलीत बसलेल्या सापाचे खवले मोजायला कोणी जाऊ नये, हे त्याच दमात सांगावं. घरच्या माणसाला पुरेल असा नियम एकच: ओळख पटो न पटो, दहा फूट लांब राहा, पोरं आणि कुत्रं आत घ्या, एकानं सापावर नजर ठेवा, दुसऱ्यानं फोन करा. वनविभागाची हेल्पलाइन १९२६.

अंधश्रद्धा घालवताना तिच्या जागी अर्धवट विज्ञान बसवू नका, हेही याच ओघात. ‘साप ठार बहिरा असतो’ असं कितीतरी व्याख्यानांत ऐकू येतं. सापाला बाहेरचा कान नाही, पण आतला कान आहे. जमिनीची कंपनं तर कळतातच, हवेतून येणारे खालच्या पट्टीतले आवाजही कळतात. फिनाईल आणि लसणाच्या रेषेचंही तेच. साप ती ओलांडून खुशाल जातो.

आजीची टिंगल

विदर्भात नागपंचमी हा जिव्हाळ्याचा सण आहे. नागद्वारच्या यात्रेला पचमढीला जाणारी घरं गल्लोगल्ली आहेत. अशा ठिकाणी ‘साप दूध पीत नाही, तुम्ही अडाणी आहात’ या सुरात बोललात की सभागृह दोन मिनिटांत गमावता.

एखादी आजी उठून म्हणते, “आमी त दरसाली ठेवतो दूध, बाप्पा. काई झालं नाई कोनाले.”

तिला खोटं पाडू नका. म्हणा, “आजी, पूजा करा, पण भिंतीवरच्या नागाची करा. टोपलीतला जो दूध पितो ना, त्याला आधी कितीतरी दिवस पाण्यावाचून ठेवलेलं असतं. तहानेनं तो काहीही पितो. ते दूध त्याला बाधतं, मग मरतो बिचारा.” आजीला देवाला तहानलेलं ठेवल्याचं जितकं लागतं, तितकं सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पचनसंस्थेचं लागत नाही.

प्रथमोपचार शेवटच्या दोन मिनिटांत

इथे थोडं थांबू या, कारण माणसं मरतात ती इथे. सन २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. तरीही आपल्या कार्यक्रमात प्रथमोपचार येतो तो आभारप्रदर्शनाच्या आधी, घाईघाईत, एका स्लाइडवर.

मण्यारीवर तरी दहा मिनिटं खर्च करा. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दुखत नाही, सुजत नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा धरल्यासारखा होतो, पापण्या जड होऊन मिटायला लागतात. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस सकाळी पोटदुखी आणि पडत्या पापण्या घेऊन उठला तर सर्पदंशाची शंका घ्यायची, हे वाक्य प्रत्येक श्रोत्याला तोंडपाठ होऊन जाऊ द्या. आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी मण्यारीलाही अडवते, हे सांगा.

घोणस, म्हणजे गावाकडची परड, हिचं उलट. वेदना आणि सूज लगेच, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. म्हणून तर जखमेवर ब्लेड मारणं घातक.

काय करू नये ते बहुतेकांना ऐकून माहीत असतं: आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. करायचं काय, ते मात्र प्रत्यक्ष करून घ्या. एका मुलाला बाकावर झोपवा. दुसऱ्यानं त्याच्या पायाला लाकडी पट्टी आणि ओढणी लावून हाड मोडल्यावर बांधतात तसा पाय स्थिर करायचा, गच्च न आवळता. तिसऱ्यानं अंगठी, घड्याळ, बांगड्या, जोडवी काढायची. चौथ्यानं १०८ ला फोन केल्याचा अभिनय करायचा आणि पत्ता सांगायचा. इथे गंमत होते. ‘प्लॉट नंबर अमुक, तमुक ले-आऊट’ एवढ्यावर नव्या वस्तीत ॲम्ब्युलन्स पोचत नाही. पाण्याची टाकी, हनुमान मंदिर, शेवटचा ऑटो स्टॉप अशा खुणा ठरवून गेटवर लिहून ठेवायला लावा.

रुग्णाला चालवायचं नाही. गाडी मिळतच नसेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्यायचं. कोणी आधीच दोरी आवळली असेल तर ती वाटेत झटक्यात सोडू नका, दवाखान्यात डॉक्टरांसमोरच सुटू द्या. शहरात मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं, गावात जवळचं सरकारी रुग्णालय. विष चढलं का हे ठरवायला कडुलिंबाचा पाला किंवा मिरची खाऊ घालून चव बघत बसायचं नाही. साप मारून सोबत न्यायचीही गरज नाही, कारण आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही प्रमुख विषारी सापांवर चालतं. आणि एक गोष्ट ऐकून पालक हमखास चमकतात: लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकाच डोस लागतो. सापानं विष सोडताना वजन पाहिलेलं नसतं.

इग्वाना, बॉल पायथन आणि लाल कानाचं कासव

हल्ली शाळांत परदेशी प्राणी आणायची टूम निघाली आहे. साप नको म्हणून इग्वाना, म्हणजे मोठा परदेशी सरडा. मुलं हात लावतात, आणि घरी जाऊन ‘मला पण पाहिजे’ म्हणतात. जागृतीची जाहिरात झाली. तुम्ही दाखवलेला इग्वाना दीड मीटरपर्यंत वाढतो, त्याला विशेष दिवा आणि नेमकं तापमान लागतं, आणि नागपूरचा मे ४५ अंशांवर जातो, हे मुलाच्या वडिलांना दुकानदार सांगत नाही. २०२४ च्या नियमांनुसार बॉल पायथन (एक परदेशी अजगर), इग्वाना यांसारख्या प्रजातींची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते, हेही नाही.

लाल कानाच्या कासवाचं तर विचारू नका. नाण्याएवढं पिल्लू पुढे ताटाएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं, टाकीला वास सुटतो. मग कोणाला तरी फुटाळा तलाव आठवतो. ही अमेरिकेतली प्रजाती जगातल्या सर्वांत त्रासदायक आक्रमक प्रजातींत गणली जाते. तळ्यात सोडणं म्हणजे तिथल्या देशी कासवांच्या ताटातलं काढून घेणं. घरी आधीच असेल तर सांभाळा, हाताळल्यावर साबणानं हात धुवा (त्याच्या अंगावर साल्मोनेला हे आजाराचे जंतू असू शकतात), आणि जमत नसेल तर वनविभागाला विचारा. चांदणी कासव मात्र हौसेनंही ठेवू नका, ते वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे.

याच सत्रात मांडूळ आणि ‘हत्था जोडी’ उरकून घ्या. मांडुळानं पैशाचा पाऊस पडत नाही. आणि पूजेच्या सामानात मूळ म्हणून विकली जाणारी हत्था जोडी बहुधा नर घोरपडीचं वाळवलेलं लिंग असतं. एवढं ऐकल्यावर सभागृहात जी शांतता पसरते, ती कुठल्याही स्लाइडनं पसरत नाही.

चुकीचे श्रोते

सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्यांवर बसलेली बहुतेक मंडळी दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर पलंगावर झोपतात. जमिनीवर झोपतो तो चौकीदार, आणि शेजारच्या अर्धवट बांधकामावर राहणारी मजुरांची कुटुंबं. पहाटे अंधारात झाडझूड करायला येणाऱ्या बाया वेगळ्याच. त्यांना आपण बोलावत नाही, बोलावलं तर कामाच्या वेळी बोलावतो. बालाघाट-छत्तीसगडकडून आलेल्यांपुढे छापील मराठीचा उपयोग नाही. त्यांच्याशी हिंदीतच बोला, संध्याकाळी सातनंतर, साइटवर जाऊन. वक्त्यासाठी शाल-श्रीफळाचा जो खर्च ठरला असेल, तेवढ्यात मच्छरदाणी येते. ती आधी चौकीदाराला द्या, जमलं तर सोबत एक टॉर्चही.