मार्केटिंगच्या वर्गात बसण्याआधी: गणिताची आणि आलेखांची तयारी

मार्केटिंग घेतलं म्हणजे गणितातून सुटलो असं वाटत असेल, तर पहिल्याच महिन्यात टक्केवारी गाठते. घाबरण्यासारखं काही नाही. सुरुवातीला कलन लागत नाही, त्रिकोणमिती तर नाहीच. शाळेतलं गणित पुरतं, फक्त ते हाताला बसलेलं हवं. तयारीच्या वहीत पहिल्या पानावर एकच प्रश्न मोठ्या अक्षरात लिहा: ‘कशाचे टक्के?’ या विषयात माणसं बेरीज-भागाकारात क्वचितच चुकतात, चुकतात ती छेद निवडताना.

सुरुवात तोंडी हिशेबाने करा. १०० ची वस्तू २० टक्क्यांनी महाग केली आणि मग २० टक्क्यांनी स्वस्त केली, तर किंमत किती? १०० म्हणालात तर पुन्हा मोजा. उत्तर ९६ आहे, कारण दुसऱ्या वेळी २० टक्के १२० वर निघाले. तसंच, जाहिरात बघून खरेदी करणाऱ्यांचं प्रमाण २ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर गेलं, तर ती वाढ एका टक्केबिंदूची आहे आणि ५० टक्क्यांचीही आहे. दोन्ही विधानं खरी आहेत, म्हणूनच सादरीकरणात कुठलं वापरलंय ते बघायची सवय लावा. ज्याला यश मोठं दाखवायचंय तो दुसरं वापरतो, हे सांगायला नकोच.

यानंतर मार्कअप आणि मार्जिन. इथे घाई करू नका, कारण वर्षभर शिकलेली मुलंही इथेच घसरतात. वस्तू ८० ला पडली आणि १०० ला विकली. नफा २०. खरेदीवर मोजला तर २५ टक्के, तो मार्कअप. विक्रीवर मोजला तर २० टक्के, ते मार्जिन. आता कुणी सांगितलं की ‘२५ टक्के मार्जिन ठेवून किंमत काढ’, तर हात आपोआप ८० ला १.२५ ने गुणायला जातो आणि १०० येतात. चूक. ८० ही रक्कम विक्रीच्या किमतीचे ७५ टक्के असायला हवी, म्हणून ८० भागिले ०.७५, म्हणजे सुमारे १०६.६७. असे दहा हिशेब कॅल्क्युलेटर न घेता करा, म्हणजे भागायचं कधी आणि गुणायचं कधी हे बोटांनाच कळायला लागेल.

सवलतीचा हिशेबही याच दिवशी उरका. १०० ला विकल्या जाणाऱ्या नगामागे ६० खर्च होतो, ४० उरतात. १० टक्के सवलत दिली की ३० उरतात. किंमत एक दशांशाने उतरली, पण हाती राहणारी रक्कम पाव हिश्श्याने घटली. पूर्वीइतकेच पैसे मिळवायचे तर विक्री एक तृतीयांशाने वाढायला हवी. ‘दहा टक्क्यांनी काय होतंय?’ असं म्हणणाऱ्याला हे गणित कागदावर करून दाखवा.

सरासरीत एक सापळा आहे. एक जाहिरात १०,००० वेळा दिसली आणि १०० क्लिक आले, म्हणजे १ टक्का. दुसरी १,००० वेळा दिसली, ५० क्लिक, म्हणजे ५ टक्के. सरासरी ३ टक्के? नाही. एकूण १५० क्लिक, ११,००० वेळा दिसणं, म्हणजे जेमतेम १.४ टक्के. टक्क्यांची सरासरी काढण्याआधी त्यांचे छेद सारखे आहेत का ते बघा. मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावले की मधोमध येणारा, तोही आठवून ठेवा, कारण दोन-चार बडे ग्राहक सरासरी वर ओढतात, मध्यक फारसा हलत नाही. वाढीच्या दराबद्दल इतकंच: चार वर्षांत विक्री दुप्पट झाली तर वार्षिक वाढ २५ टक्के नव्हे, सुमारे १९ टक्के असते, कारण वाढीवरही वाढ चढते.

आता आलेख, आणि पहिले काही तरी कागदावर, पेन्सिलीने. ना-नफा-ना-तोटा बिंदूचा आलेख घ्या. स्थिर खर्च १२,०००, नगामागे खर्च ६०, किंमत १००. आडव्या अक्षावर नग, उभ्यावर पैसे. उत्पन्नाची रेषा शून्यातून निघते, खर्चाची १२,००० पासून. दोन्ही ३०० नगांवर, ३०,००० ला भेटतात. किंमत ९० करा आणि पुन्हा काढा. उत्पन्नाच्या रेषेचा चढ कमी होतो आणि भेट ४०० नगांवर जाते. सवलत महाग का पडते ते इथे डोळ्यांना दिसतं. हमखास होणारी चूक म्हणजे तक्त्यात ०, ५०, १००, ३००, ५०० असे नग असले की ते अक्षावर सारख्या अंतरावर मांडायचे. मग सरळ रेषा वाकते आणि विद्यार्थी सूत्र तपासत बसतो. आधी अक्षाचं प्रमाण ठरवा, मग बिंदू टाका.

मागणीच्या आलेखात किंमत उभ्या अक्षावर बघून गोंधळू नका. गणितातल्या सवयीने ती आडवी हवी होती, पण आल्फ्रेड मार्शलच्या काळापासून अर्थशास्त्रात अशीच मांडणी रूढ आहे. लवचिकता, म्हणजे किमतीतल्या बदलाच्या कितीपट मागणी बदलते ते, काढताना दोन्ही बदल टक्क्यांत घ्या: किंमत १०० ची ११० झाली आणि विक्री ५०० वरून ४०० वर आली, तर उणे २, आणि उत्पन्न ५०,००० वरून ४४,०००.

दुसऱ्यांचे आलेख वाचायचीही तयारी हवी. ९६ आणि १०० चे दोन स्तंभ ९५ पासून काढले, तर एक दुसऱ्याच्या पाचपट उंच दिसतो. म्हणून स्तंभालेख शून्यापासूनच. रेषालेखाला ही सक्ती नाही, तिथे आपण उंची नव्हे, चढउतार बघतो. स्तंभालेख विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये व्यापाराच्या आकड्यांसाठी वापरला, वृत्तालेखही त्याचाच, १८०१ चा. पहिल्याबद्दल आपण त्याचे ऋणी आहोत. दुसरा मी शक्यतो टाळतो, कारण माणसाचा डोळा लांबी जितकी नीट तोलतो तितका कोन तोलत नाही. क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगांतून हेच दाखवलं. जाहिरातखर्च आणि विक्री यांचा सहसंबंध, म्हणजे दोन्ही कितपत बरोबरीने बदलतात ते, सांगण्याआधी ठिपके मांडून बघा. फ्रान्सिस अँस्कम यांनी १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच दिले: सरासरी जवळजवळ तीच, सहसंबंध तोच, पण ठिपके मांडले की चार निराळी चित्रं. त्यातल्या एकात तर सगळा संबंध एकट्या ठिपक्यावर उभा आहे.

राहता राहिली स्प्रेडशीट. एकूण विक्रीतला प्रत्येक मालाचा वाटा काढताना सूत्र खाली ओढलंत की बेरजेचा सेलही एकेक घर खाली सरकतो. खालची घरं रिकामी असली तर शून्याने भागल्याची खूण येते, ते बरं. तिथे दुसरे आकडे असले तर कुठलीही खूण न येता चुकीचे टक्के छान रांगेत उभे राहतात. ओढण्याआधी सूत्रात बेरजेच्या सेलच्या पत्त्याला डॉलरचं चिन्ह लावा (B10 चं $B$10), म्हणजे तो सरकत नाही, आणि नंतर सगळ्या वाट्यांची बेरीज १०० येते का ते बघा.