तापी, अनेर, निळाई: बाळाचं वेगळं नाव घरच्यांना कसं सांगावं

खानदेशातल्या घरात मुलीचं नाव नदीवरून ‘तापी’ ठेवायचं मनात असेल, तर पहिला प्रश्न अहिराणीत ठरलेला: ‘व माय, हाई काय नाव शे?’ म्हणजे ‘अगं बाई, हे काय नाव आहे?’ त्याचं उत्तर बारशाच्या दिवशी शोधायला बसू नका. चारचौघांत पहिल्यांदा नाव कानावर आलं की ‘मला कुणी सांगितलंच नाही’ हे आजीला लागतं, आणि तो राग नावावर निघतो.

निदान आठ दिवस आधी आजी-आजोबांना आणि फुईला, म्हणजे आत्याला, घरी बसून, वेगवेगळं सांगा. पाळण्याजवळ ‘कुर्रर्र’ करून बाळाच्या कानात नाव फुईच सांगणार. ती अडखळली की बायका हसतात, आणि ते हसू वर्षानुवर्षं नावाला चिकटतं. तिच्याकडून चार-पाच वेळा म्हणवून घ्या.

सांगताना ‘कसं वाटतं?’ असं विचारू नका. विचारलं की दहा नावं सुचवली जातात आणि नाकारलेल्या प्रत्येक नावामागे एक माणूस रुसतो. ‘तापी ठरवलंय. तापी सूर्याची लेक, चांगदेव गावाजवळ पूर्णा नदी तिला मिळते,’ एवढं सरळ सांगा. नाव ओळखीच्या नदीशी, गावाशी, कुलदेवीशी जोडलेलं असलं की म्हातारी माणसं लवकर मानतात. ‘इंटरनेटवर सापडलं’ हे कारण त्यांच्यापुढे टिकत नाही.

पण त्याही आधी नाव तोंडात घोळवून पाहा. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. जळगावचं जयगाव होतं, तसं निळाईचं नियाई होणार. ते दर वेळी खटकणार असेल तर दुसरं नाव शोधा. आजीचा उच्चार सुधारत बसू नका, ती तिची बोली आहे. मग ओट्यावरून मोठ्यानं हाक मारून पाहा. मागे ‘या’ किंवा ‘ई’ लावून पाहा, गल्लीतली पोरं तेच करणार. ‘गिरणा’ हे नदीचं नाव सुंदर आहे, पण वर्गात तिची ‘गिरणी’ व्हायला एक दिवस पुरेल. ‘तापी’ला तापावरून चिडवतील, हे धरूनच चाला. त्या मानानं ‘अनेर’ हे नदीचंच नाव मोकळं आहे. ऐकणारा फक्त दोनदा विचारतो.

राशीच्या अक्षराचा हट्ट असेल तर नावरस नाव पत्रिकेत राहू द्या. त्यात कुणाचं काही जात नाही. मित्रांना व्हॉट्सॲपवर कळवताना मात्र नाव देवनागरीतच लिहा, नाहीतर रोमन अक्षरांवरून निम्मे जण ‘आनेर’ वाचतील.

घरात एकमत होत नसेल तर कागदाची घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाशिवायही होते. नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. एकदा चढलेलं नाव मन बदललं म्हणून सहज बदलता येत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून जन्मदाखलाच लागतो. त्यामुळे ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नाव मोठ्या अक्षरांत, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहून द्या, आणि दाखला हातात आला की तिथंच उभं राहून अक्षर न् अक्षर वाचा. अनोळखी नाव लिहिताना हात सवयीच्या नावाकडे वळतो आणि ‘अनेर’चं ‘अनिल’ होतं.