क्रँक सेन्सर बदलायचाय? आधी मीटर लावा, मग पाना

मुंबईहून येताना कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला पोचते आणि तापलेलं इंजिन एकदम बंद पडतं. सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही. अर्ध्या तासाने इंजिन गार झालं की एका चावीत चालू. अशा वेळी पहिला संशय क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरवर, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा कसा फिरतोय ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणाऱ्या सेन्सरवर घ्यावा. आतल्या कॉइलची बारीक तार तापल्यावर सुटते, गार झाली की परत जुळते. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा हलत नसेल तर संशय आणखी वाढतो.

स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) पी0335 ते पी0339 यांपैकी कोड दिसला म्हणून लगेच नवा सेन्सर आणू नका. कोड सर्किटमधला दोष दाखवतो. तो दोष वायरिंगचाही असू शकतो. कपलर, म्हणजे सेन्सरच्या तारांचा जोड, काढून पिना बघा. त्र्यंबकच्या पावसात रोज फिरणाऱ्या गाडीत तिथे हिरवट थर चढलेला सापडतो, आणि कधीकधी तेवढं साफ केल्यावर काम भागतं.

सेन्सरला दोन तारा असतील तर मल्टिमीटर ओहमवर ठेवून सेन्सरच्या दोन पिनांना लावा. साधारण काहीशे ते हजार-दीड हजार ओहम येतात. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. गार असताना आणि तापलेला असताना, दोन्ही वेळा मोजा. तीन तारांचा असेल तर तो बहुधा हॉल सेन्सर, म्हणजे बाहेरून वीज घेऊन चालणारा. त्याला ओहम लावू नका. चावी चालू करून कपलरवर गाडीप्रमाणे 5 किंवा 12 व्होल्ट आणि अर्थ येतो का, ते तपासा.

सेन्सर क्रँक पुलीजवळ किंवा गिअरबॉक्सच्या तोंडाशी, फ्लायव्हीलवर रोखलेला असतो. इंजिन गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा. खालून काम असेल तर गाडी जॅक स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका, कधीच नाही.

बोल्ट बहुधा एकच, 10 नंबरच्या पान्याचा. खरी कसोटी तो काढल्यानंतर लागते. ओ-रिंग वर्षानुवर्षं तापून ब्लॉकला चिकटलेली असते. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलात तर प्लास्टिक तुटून टोक आतच राहतं. गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांबा, मग सेन्सर हाताने डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवत बाहेर ओढा. जुनी ओ-रिंग भोकात राहिली नाही ना, बोट घालून बघा. राहिली तर नवा सेन्सर नीट बसत नाही.

जुन्या सेन्सरच्या चुंबकावर लोखंडाचा काळा कीस मिशीसारखा उभा असतो. थोडा चालतो. जाड कण दिसले तर टोन रिंगचे, म्हणजे सेन्सरसमोर फिरणाऱ्या दातेरी चकतीचे, दात टॉर्चने बघा. एखादा दात मोडलेला असेल तर नव्या सेन्सरनेही गाडी अडखळणारच.

नव्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा आणि सेन्सर हाताने पूर्ण आत दाबा. बोल्टने ओढून बसवू नका, सेन्सरचा बोल्टचा कान तुटतो. जुन्याखाली शिम (पातळ पट्टी) असेल तर तीच परत घाला, कारण टोक आणि दात यांच्यातलं अंतर जेमतेम मिलिमीटरभर असतं. सहा मिलिमीटरचा बोल्ट साधारण 8 ते 10 न्यूटन मीटरवर आवळा. तार मूळच्याच क्लिपांत बसवा; सायलेन्सरच्या पाइपला टेकली तर महिन्याभरात वितळेल.

कोड पुसा. काही गाड्यांना स्कॅनरने क्रँक रीलर्न, म्हणजे कॉम्प्युटरला नव्या सेन्सरची ओळख करून देणं, करावं लागतं, तेही मॅन्युअलमध्ये बघून घ्या. नुसती चालू झाली म्हणून गाडी सोडू नका: इंजिन पूर्ण तापवा, बंद करा आणि दहा मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारा.