सहा महिन्यांचं बाळ: घरच्या घरी काय बघायचं आणि कसं बघायचं

बाळाला सहा महिने झाले की येणारा-जाणारा प्रत्येक जण दोनच गोष्टी विचारतो, वजन किती आणि बसायला लागलं का. उत्तर दिलं की लगेच दुसऱ्या कुणाच्या तरी बाळाचा दाखला येतो, अमकीचं पाचव्यातच बसलं होतं, तमकीचं नऊ किलो आहे. ऐकून घ्या, हो म्हणा आणि सोडून द्या. या वयात एका आकड्यावरून फार काही कळत नसतं, मागच्या महिन्यापेक्षा बाळ पुढे सरकलंय का आणि जे करतंय ते कसं करतंय हे बघायचं असतं, आणि त्यासाठी घरात एक चटई, दोन चमचे, एक खुळखुळा आणि माता बाल संरक्षण कार्ड एवढं असलं की झालं.

आधी वजन, कारण सगळ्यात जास्त टेन्शन त्याचंच. डब्ल्यूएचओच्या तक्त्यात सहा महिने पूर्ण झालेल्या मुलाचं मधलं वजन ७.९ किलो आहे आणि मुलीचं ७.३ किलो. मधलं म्हणजे निम्मी धडधाकट बाळं त्याच्या खाली असतात, हे कुणी सांगतच नाही आणि मग ७.२ किलोचा मुलगा असला की आई रडकुंडीला येते. नॉर्मलची खालची रेघ मुलांसाठी ६.४ आणि मुलींसाठी ५.७ किलो आहे. लांबी मुलाची साधारण ६७-६८ सेंटीमीटर, मुलीची ६५-६६. आणि हे तक्ते परदेशी बाळांचे आहेत, आपल्याला लागू नाहीत असं कुणी म्हणालं तर सांगा की ज्या सहा देशांतल्या बाळांवरून हे २००६ चे तक्ते बनले त्यात भारत पण होता, दक्षिण दिल्लीतली बाळं.

दुसरा हिशोब आजी सांगते तो, की पाच-सहा महिन्यात जन्माचं वजन दुप्पट व्हायला पाहिजे. तो बरोबर आहे पण एकटा पुरत नाही. अडीच किलोचं जन्मलेलं बाळ पाच किलोचं झालं तर दुप्पट झालं खरं, पण सहा महिन्याला पाच किलो म्हणजे खालच्या रेघेच्याही बरंच खाली, तिथे डॉक्टरकडे जायलाच हवं. आणि पावणेचार किलोचं गुटगुटीत जन्मलेलं बाळ सव्वासात किलोचं असेल तर दुप्पट नाही झालं म्हणून घाबरायचं काही कारण नाही. म्हणून कार्डातला आलेख बघा, मुलाचा निळा आणि मुलीचा गुलाबी असतो. दर महिन्याचा ठिपका टाकून ते जोडा. बाळ खालच्या बाजूच्या रेघेजवळून का होईना पण तिला समांतर वर चढत असेल तर ठीक आहे, पण आधी वरच्या रेघेवर होतं आणि दोन महिन्यात एक रेघ ओलांडून खाली आलं किंवा ठिपके आडवेच चाललेत तर वजन दिसायला "चांगलं" असलं तरी दाखवून घ्या.

अजून एक, पहिल्या दोन-तीन महिन्यात वजन महिन्याला जवळजवळ किलो-किलोने वाढतं आणि आता सहाव्यानंतर ते महिन्याला ३००-४०० ग्रॅमवर येतं, हे असंच होतं सगळ्यांचं. दूध कमी पडतंय असं समजून लगेच डबा आणू नका. वजन करताना लंगोट, डायपर, स्वेटर सगळं काढून, आणि दर वेळी त्याच काट्यावर. आधी स्वतः काट्यावर उभं राहून मग बाळाला घेऊन वजाबाकी करायची पद्धत अंदाजापुरती ठीक, पण त्यात शे-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे होतात. आठवड्याला वजन करत बसू नका, नुसती चिंता वाढते, महिन्यातून एकदा बास.

इथे एक गोम आहे. सरकारी लसीकरणात साडेतीन महिन्याच्या लसी झाल्या की पुढची पाळी थेट नवव्या महिन्याला येते. म्हणजे मधल्या साडेपाच महिन्यात कुणी बोलावतच नाही आणि नेमकं याच काळात वरचं अन्न सुरू होतं, म्हणजे वजन घसरायचं तर इथेच घसरतं. त्यामुळे सहाव्या महिन्यात आपणहून अंगणवाडीत किंवा डॉक्टरकडे जाऊन वजन, लांबी आणि डोक्याचा घेर तिन्ही मोजून कार्डावर लिहून घ्या. आशाताईंच्या ठरलेल्या घरभेटींमध्ये सहाव्या महिन्याची भेट असते, आल्या नाहीत तर फोन करून बोलवा, त्यात संकोच कसला. खासगी डॉक्टरकडे जात असाल तर सहाव्या महिन्याला फ्लूची लस आणि सहा ते नऊच्या दरम्यान टायफॉइडची लस याबद्दल विचारा.

बाळ दिवस भरायच्या आधी झालेलं असेल तर पुढचं सगळं वाचताना वय दुरुस्त करून वाचा. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलं असेल तर ते आठ आठवडे लवकर आलं, म्हणजे आज सहा महिन्यांचं असलं तरी अपेक्षा चार महिन्यांच्या बाळाच्याच ठेवायच्या, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत हाच हिशोब. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच.

आता चटई अंथरा. बाळाचं पोट भरलेलं, झोप झालेली, टीव्ही बंद. कुरकुरत असेल तर आज नको, उद्या करा, भुकेलं बाळ कुठल्याच परीक्षेत पास होत नाही.

आधी उताणं ठेवा. या वयात पाय हातात धरून अंगठा तोंडात घालायचा उद्योग चालू असतो, तो दिसला की छान. मग दोन्ही मनगटांना धरून हळूच बसतं करा, डोकं अंगाबरोबर किंवा थोडं आधीच पुढे यायला पाहिजे, मागे लटकता कामा नये. लटकलं तर ओढू नका, तिथेच थांबा आणि ही गोष्ट लिहून ठेवा, कारण सहा महिन्याला मान धरलेली नसणं ही थांबून बघण्यातली गोष्ट नाही. मग पालथं घाला. हात ताठ करून छाती वर उचलतं का, खेळण्याकडे पोटावर गोल फिरतं का, दोन्ही कुशींवर वळतं का. काही बाळांना पालथं पडणं अजिबात आवडत नाही, विशेषतः ज्यांना दिवसभर कडेवर किंवा झोळीत ठेवलंय त्यांना. अशांना दिवसातून चार-पाच वेळा, जागं असताना, तुमच्या समोर, दोन-दोन मिनिटं पालथं घालायची सवय लावा, पंधरा दिवसात फरक दिसतो बहुतेक वेळा. झोपवताना मात्र उताणंच.

बसण्याबद्दल सांगायचं तर सहा महिन्याला बहुतेक बाळं दोन्ही हात पुढे टेकवून बेडकासारखी बसतात आणि थोड्या वेळाने कलंडतात. आधाराशिवाय बसणं हे निरोगी बाळांमध्ये पावणेचार महिन्यांपासून सव्वानऊ महिन्यांपर्यंत कधीही येतं असं डब्ल्यूएचओच्याच अभ्यासात दिसलंय. रांगणं तर त्याहून लांब पसरलेलं, पाचव्यापासून साडेतेराव्या महिन्यापर्यंत, आणि काही बाळं गुडघ्यावर रांगतच नाहीत, बुडावर सरकत जातात नाहीतर सरळ उभी राहतात. त्यामुळे उशांचा कोट करून तासभर बसवून ठेवायची गरज नाही. आणि वॉकर घेऊच नका, कुणी भेट दिला तरी माळ्यावर टाका. त्याने चालणं लवकर येत नाही, पायऱ्यांवरून पडणं आणि गरम चहापर्यंत हात पोचणं एवढंच लवकर येतं, कॅनडात तर २००४ पासून वॉकर विकायलाच बंदी आहे.

चमच्याची परीक्षा मला सगळ्यात आवडते. बाळाला मांडीवर बसवा, स्टीलचा चमचा एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, एकदा समोरून धरा. बाळ झेपावून अख्ख्या पंजाने पकडतं, चिमटीत धरणं अजून लांब आहे. मग तोंडात. मग बघा, थोड्या वेळाने तो चमचा या हातातून त्या हातात जातो, हा खास सहा महिन्यांचा टप्पा. दुसरा चमचा दिलात की काय करतं तेही बघण्यासारखं असतं, काही पहिला टाकतात, काही दोन्ही धरून गोंधळतात. चमचा खाली पडला तर कुठे गेला म्हणून बघतं का? या सगळ्यात एक गोष्ट नीट बघा. डावीकडून दिला तरी दर वेळी उजवाच हात येतोय आणि डाव्याची मूठ आवळलेलीच आहे, असं असेल तर "डावखुरं नाही, उजवं आहे" म्हणून हसून सोडू नका. दीड वर्षाच्या आत एकच हात वापरणं म्हणजे दुसऱ्या हाताची तपासणी करून घ्यायची.

कानाची परीक्षा लोक चुकीची करतात, मागे जाऊन ताट आपटतात. त्या दणक्याने, हादऱ्यानेही बाळ दचकतं, ऐकू येतंय का ते कळत नाही. एकाने समोर बसून गुंतवायचं, दुसऱ्याने बाजूने, बाळाच्या नजरेबाहेर राहून, हातभर अंतरावरून खुळखुळा हलकासा वाजवायचा किंवा हळू आवाजात हाक मारायची. त्या बाजूला मान वळली पाहिजे, दोन्ही बाजूंनी. जन्मल्यावर कानाची तपासणी झाली नसेल किंवा शंका आली तर लगेच करून घ्या, कारण ऐकू न येणारं बाळही सुरुवातीला हुंकार देतं, त्यामुळे घरच्यांना कळत नाही, आणि साधारण याच वयानंतर त्याचे आवाज कमी होत जातात. ऐकू येणारं बाळ उलट आता बा, दा, मा असे तोडून तोडून आवाज काढायला लागतं, खळखळून हसतं. "मा" म्हणालं की आई खुश होते, होऊ द्या. त्याच्या आवाजाला तसाच आवाज करून उत्तर द्या आणि मग गप्प बसा, त्याची पाळी येऊ द्या. मोबाइलवरची बडबडगीतं नकोत, दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नाहीच असं आपले बालरोगतज्ज्ञही सांगतात.

या सुमारास सगळ्यांकडे जाणारं बाळ अचानक आत्याला बघून भोकाड पसरतं. आत्याने मनाला लावून घेऊ नये, ओळखीचं-अनोळखी कळायला लागलंय ही प्रगतीच आहे. दात आले नसतील तरी घाई नाही, वर्षभरात येतात. पण सणसणीत ताप किंवा जुलाब असतील तर ते दातांच्या नावावर खपवू नका.

खाण्यावर वेगळं लिहावं लागेल इतकं आहे, इथे थोडक्यात. उष्टावण मुलाचं सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात असं आपल्याकडे करतात, कार्यक्रम मामाच्या सोयीने कधीही करा पण रोजचं अन्न मुलगा असो की मुलगी, सहा महिने पूर्ण झाले की सुरू झालं पाहिजे, मुलीचा सातवा महिना संपायची वाट बघत बसू नका. डाळीचं पाणी, भाताची पेज याने पोट भरतं पण वजन वाढत नाही. खिमट, मऊ भात-मूगडाळ-तूप, नाचणीची खीर, उकडलेलं रताळं, कुस्करलेलं केळं, सगळं एवढं घट्ट की चमचा तिरका केला तरी लगेच ओघळू नये. सुरुवात दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा, मग हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत, आणि अंगावरचं दूध चालूच. मीठ-साखर नको, मध तर वर्षापर्यंत बोटभरही नाही, चाटणातूनसुद्धा नाही. जन्मताना मिळालेला लोहाचा साठा आता संपत आलेला असतो, म्हणून आशाताईंकडे लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली, ते आणून कपाटात ठेवायचं नसतं, द्यायचं असतं.

कधी थांबायचं नाही ते वर येऊन गेलंच, त्यात अजून जोडा: अंग फार कडक किंवा फार ढिलं लागणं, वस्तूकडे हातच न जाणं, नजरेला नजर न देणं, हसू नसणं, डोळा सतत तिरळा दिसणं, आणि येत असलेली गोष्ट बंद होणं. डॉक्टर "थांबू" म्हणाले तर किती दिवस आणि कशासाठी, हे तिथेच विचारून घ्या. जिल्हा रुग्णालयात बाळांच्या विकासाची तपासणी आणि थेरपी करणारं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तिथे मोफत बघतात, अंगणवाडीतून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन जाता येतं.

आणि एक गोष्ट त्याच दिवशी धावत जाण्याची. बाळ झोपेतून उठल्यावर एकदम पुढे दुमडतं, हात बाजूला फेकले जातात, क्षणभर तसंच राहतं, सुटतं, परत काही सेकंदांनी तसंच, अशी ओळीने माळ लागते, कधी नुसती मानच खाली झटकते. घरात याला दचकणं किंवा पोटात मुरडा म्हणतात, पण हे एक प्रकारचे झटके असू शकतात, चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान जास्त दिसतात, आणि उपचार जितका उशिरा तितकं मेंदूचं नुकसान जास्त. तेल लावत बसू नका, दृष्ट काढायची तर परत आल्यावर काढा. मोबाइलवर अख्खी माळ शूट करा, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असं, आणि लगेच निघा. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ बहुतेक छान खेळत असतं आणि तपासणीत काही दिसत नाही, त्यामुळे आत गेल्यावर बोलायला सुरुवात करण्याआधी तो व्हिडिओ डॉक्टरांच्या हातात द्या.